अतिरिक्त कार्यभार

शपथविधी झाला त्या दुपारी
खडकीच्या आमच्या ऑफिसात
आरळकरांच्या मोबाइलभोवती सगळे डबे उघडे.
संरक्षण कुणाला?
अर्थवाल्यांकडेच. अतिरिक्त.
"त्यात काय," आरळकर म्हणाले, शेपूची भाजी पोळीत सावरत,
"फौज काय मंत्री चालवतो होय?
सीमेवरचा माणूस खुर्चीकडे बघून गोळी झाडत नाही."
सगळ्यांनी मान डोलावली.
मीही. तोंडात घास होता.

टेबलावर परतले आणि आठवलं.

अकरा महिने माझ्याकडे दोन टेबलं होती.
उजवीकडे मागणी, डावीकडे मंजुरी.
हर्डीकर बाळंतपणाला गेली ती तिकडूनच बदली घेऊन,
साहेब म्हणाले, "बाई, तेवढं बघून घ्या."
दोन शिक्के, शाईचा पॅड एकच.
सकाळी मी लिहायची :
जायबंदी जवानांसाठी चाकाच्या खुर्च्या, नग चाळीस, तातडीने.
जावक क्रमांक घालायची,
अर्धी गिरकी घ्यायची बसल्या जागी,
आवक क्रमांक घालायची,
आणि जेवणानंतर उत्तर द्यायची :
आपले पत्र मिळाले. निधीअभावी पुढील वर्षी विचार व्हावा.
मागणाऱ्याची सही, नाकारणाऱ्याची सही,
दोन्हींची शेपटी तशीच उजवीकडे वळलेली.

भांडण एकदाही झालं नाही.
तेच मला खटकायला हवं होतं.
हर्डीकर होती तेव्हा काय भांडायचो आम्ही!
ती चाळीसाच्या वीस करायची, मी तरातरा जिना चढून वर,
मागोमाग ती, पदर खोचून,
शिपाई दारं लावून घ्यायचे,
आणि शेवटी एकतीस खुर्च्या यायच्या.
एकतीस माणसं संध्याकाळी बागेत दिसायची.
त्या अकरा महिन्यांत
माझं माझ्याशी फारच छान जमलं.

आरळकरांना हे बोलले नाही.
ते म्हणाले असते, मग नंतरचे वाळिंबे आठवा.
आठवतात.
पूर्ण वेळ, स्वतंत्र टेबल, नावाची पितळी पाटी,
अडीच वर्षांत त्यांनी ती पाटी तेवढी घासली.
खुर्ची भरली म्हणजे कुणी बसलंय असं नव्हे,
हे पुण्यात कुणी कुणाला शिकवायचं.

तरीही.

साडेपाचला डेपोच्या दोन नंबर गेटवर
तो कोवळा पहारेकरी उभा, मिसरूडही नीट न फुटलेला.
तीन नंबर इथून दिसतं, दोनशे पावलांवर.
मी गमतीने म्हटलं, तिकडचंही तूच बघत जा की,
सरकारचा एक पगार वाचेल.
तो हसला नाही.
"मॅडम, तिकडे बघायचं तर इकडे पाठ होते."
एवढंच. मग ओळखपत्र मागितलं, रोज मागतो तसं,
आणि बघितलं, रोज बघतो तसं,
आधी फोटो, मग तोंड.

रेंजहिल्सच्या वळणावर दौलत खैरमोडे भेटले.
त्यांच्या खुर्चीचं डावं चाक तारेने आवळलेलं.
त्या वर्षी बदलायची होती ती.
त्यांना हे माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही.
"बाई, बरं झालं. नवा अर्ज लिहितोय, मायना काय घालू?"
माननीय संरक्षणमंत्री, मी म्हटलं.
"आहेत ना ते?"
आहेत. आणखीही बरंच काही आहेत.
"मग तेही लिहायचं का?"
वही त्यांनी मांडीवर ठेवली होती,
काही न जाणवणाऱ्या त्या मांडीवर,
आणि बॅरेकमध्ये घोटलेल्या गोल अक्षरात
पहिलं पद लिहून थांबले.
बराच वेळ पेनाला टोपण लावलं नाही.
"नको," म्हणाले, "त्या दुसऱ्याकडे
माझं काही काम नाही."

चाक ढकललं. तार वाजत गेली
कारखान्याच्या भिंतीच्या कडेकडेने.